काळी गाडी, पिवळं फडकं आणि उन्हात दिसणारं जाळं

ज्यांना कानात ऐकायला वेळ नाही, बसमध्ये रेंज जाते किंवा हेडफोनचा एक कान बंद पडलाय, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना जे 'अं' आणि 'म्हणजे काय की' येतं ते बरंच काढलंय. सगळं नाही काढलं, नाहीतर माझा आवाज कुठे राहणार?

आजचा विषय पार्किंगमधला आहे. गाडी धुणे. हसू नका. परवा एका श्रोत्याचा व्हॉईस मेसेज आला आणि तो ऐकल्यावर वाटलं की यावर पूर्ण भाग व्हायला हवा.

तो इंदिरानगरला राहतो, अंबडला कंपनीत आहे. घरातली पहिली चारचाकी, काळा रंग, पाच वर्षांचे हप्ते. गाडीला आता कुठे आठ महिने झालेत. एका रात्री पेट्रोल पंपावर लाईटखाली उभा होता, तर बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा. शंभरेक. गाडी कुठे घासलेली नाही, ठोकलेली नाही. शोरूममध्ये दाखवलं तर ते म्हणाले, पंचवीस हजारात सिरॅमिक कोटिंग करून घ्या, विषय संपला. घरी वडील म्हणाले, रोज सकाळी गाडी पुसायला येतात त्या काकांना आधी काढून टाक. आणि हा बिचारा विचारतोय, दादा, कोणाचं ऐकू?

माझं उत्तर सांगतो, पण जरा वळसा घेऊन. कारण पंचवीस हजार आणि एका माणसाचं काम, दोन्ही गोष्टी पणाला लागल्यात, तर आधी त्या रेघा नक्की काय आहेत ते बघायला हवं.

जाळं गोल नसतंच

पहिली गंमत अशी की त्या रेघा गोल नसतात. आत्ता स्वयंपाकघरात जा आणि स्टीलचं एक जुनं ताट आणा, रोज काथ्याने किंवा घासणीने घासलं जाणारं. त्यावर मोबाईलचा टॉर्च धरा. टॉर्चच्या प्रतिबिंबाभोवती गोल वलयं दिसतील. आता मोबाईल डावीकडे न्या. वलयं पण डावीकडे गेली! म्हणजे ती ताटावर कोरलेली नाहीत. ताटावर सगळ्या दिशांना बारीक, जवळपास सरळ ओरखडे आहेत. प्रकाशाच्या भोवती जे ओरखडे आडवे पडतात तेवढेच उजेड आपल्या डोळ्याकडे फेकतात, बाकीचे दिसत नाहीत. जे दिसतात ते सगळे मिळून वर्तुळाचा भास करतात.

गाडीवर तेच होतं. म्हणून ढगाळ दिवशी गाडी नवीकोरी दिसते आणि मे महिन्यातल्या दुपारी किंवा पंपावरच्या एलईडीखाली तीच गाडी म्हातारी वाटते. काळ्या, गडद निळ्या, गडद लाल रंगावर जास्त दिसतं, पांढऱ्या-सिल्व्हरवर कमी. पांढऱ्या गाडीवर ओरखडे कमी पडतात असं नाही हं, दिसत नाहीत एवढंच. नाशिकमध्ये एवढ्या पांढऱ्या गाड्या का, याची कारणं अनेक असतील, पण आळशी माणसाला पांढरा रंग परवडतो हे एक नक्की.

आता हे ओरखडे कशात पडतात? गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी असते साधारण १०० ते १३० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉनच्या आसपास. आपल्या डोक्यावरचा केस यापेक्षा जाड असतो. ज्या चकाकीसाठी आपण हप्ते भरतोय ती केसापेक्षा पातळ थरात आहे.

जुन्या फियाट किंवा अँबॅसिडरला पॉलिश करताना फडक्यावर रंग यायचा, आठवतं का कोणाला? तुम्हाला नाही आठवणार, वडिलांना विचारा. तेव्हा वरचा थर हाच रंग होता. आता फडक्यावर रंग येत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झिजतच नाही. झिजतं. पारदर्शक आहे म्हणून दिसत नाही.

नाशिकची धूळ

पाण्याने ओरखडे पडत नाहीत, शाम्पूने पडत नाहीत, आणि स्वच्छ कापडानेही जवळपास पडत नाहीत. ओरखडा पाडते ती मधली धूळ. कापड फक्त तिला दाबून फिरवतं. पॉलिश पेपर कसा असतो? कागद आणि त्यावर चिकटवलेली वाळू. धुळीने भरलेल्या बोनेटवर कोरडं फडकं मारलं की आपण घरगुती पॉलिश पेपर तयार केला.

आणि आपली धूळ साधी नाही. नाशिक बसलंय काळ्या पाषाणावर. सह्याद्रीचा हा सगळा भाग बेसाल्टचा, लाव्हा थिजून झालेला. आपली खडी, कच, क्रश सँड, सगळं याच दगडाचं. नदीची वाळू पाण्यात लोळून लोळून गोल झालेली असते. क्रशरमधून निघालेल्या कचेला मात्र ताज्या कडा असतात, फुटलेल्या काचेसारख्या. या दगडातली खनिजं कठीणपणाच्या मोहस मापावर सहाच्या आसपास येतात. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे जी कच काचेवर चरा पाडू शकते ती प्लास्टिकच्या जातीच्या क्लिअर कोटचं काय करेल?

त्यात सध्या शहरभर काय चाललंय ते तुम्ही बघताय. सिंहस्थ जवळ आला की नाशिकचे रस्ते खोदायला निघतात ही परंपराच आहे. पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, मुंबई-आग्रा हायवे, कुठेही जा, डंपरमागे दोन मिनिटं गाडी चालवली की बोनेट राखाडी. ही राखाडी पावडर कोरड्या फडक्याने पुसायची नसते. एवढं एकच वाक्य लक्षात ठेवून हा भाग बंद केलात तरी अर्धं काम झालं.

एक बादली, वीस गाड्या

आता काकांकडे येऊ. आमच्याही सोसायटीत एक जण येतात. साडेपाचला हजर. दोन तासांत वीस गाड्या. हिशोब करा, एका गाडीला सहा मिनिटं. हातात एक बादली, एक पिवळं फडकं. पहिल्या गाडीला पाणी स्वच्छ असतं. दहाव्या गाडीला ते पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं, आणि पंधराव्या गाडीवर पहिल्या चौदा गाड्यांची धूळ फिरत असते. त्यातल्या दोन-तीन गाड्या साईटवर जाणाऱ्या, म्हणजे त्यांच्या दारांवरची कच तुमच्या बोनेटवर.

यात त्यांचा दोष किती? सहा मिनिटांत, त्या पैशात, पार्किंगच्या एकाच नळावर कोणीही हेच करेल. आपण त्यांच्याकडून काय मागतो ते बघा. "काका, आज गाडी पुसली नाही का?" रोज पुसलेली दिसली पाहिजे, हीच आपली अट. गाडी रोज पुसावी लागते हे कोणी ठरवलं? काचा रोज पुसाव्यात, बरोबर आहे, दिसायला हवं. रंगाला मात्र धुळीने काहीही होत नाही. धूळ नुसती बसलेली असते. ती पुसण्याच्या घाईत आपण चरे पाडून घेतो. महिन्यात तीस वेळा फडकं मारण्यापेक्षा चार वेळा नीट धुतलेली गाडी पाच वर्षांनी जास्त चांगली दिसते. यावर माझं मत अगदी ठाम आहे.

वडिलांनी सांगितल्याप्रमाणे काकांना काढलं आणि सामान तेच ठेवून स्वतः फडकं मारायला लागलात तर जाळं तसंच वाढेल. फक्त कष्ट तुमचे.

मग धुवायची कशी

सामान आधी सांगतो. दोन बादल्या. एक मायक्रोफायबरचा हातमोजा, तो वॉश मिट म्हणून मिळतो, शेवयांसारखे लोंबते धागे असलेला. गाडीचा शाम्पू. पुसायला मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल. आणि फवारणीचा छोटा हातपंप, दोन किंवा पाच लिटरचा. नाशिककरांना पंप शिकवायची गरज नाही, अर्ध्या लोकांच्या गावच्या घरी पाठीवरचा पंप असेल. पण औषध मारलेला पंप गाडीला वापरू नका बरं, नवा घ्या. बादल्या घरच्या धरल्या तर बाकी सगळं मिळून दीड-दोन हजारांत बसतं. पंचवीस हजारांच्या मानाने काहीच नाही.

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सावलीत. बोनेटला हात लावून बघा, कोमट असेल तर थांबा. गरम पत्र्यावर शाम्पू वाळतो, पाणी वाळतं आणि डाग सोडून जातं.

चाकं आधी करा. ब्रेक लावताना ब्रेक पॅड आणि डिस्क झिजून जो काळा भुकटा उडतो तो चाकावर बसतो, त्यात लोखंडाचे कण असतात. म्हणून चाकाचं कापड वेगळं, पाणी वेगळं, आणि ते कापड आयुष्यभर चाकाचंच. गाडी धुवून झाल्यावर चाकं केलीत तर ते काळं पाणी धुतलेल्या दारांवर उडणार.

मग खरा महत्त्वाचा टप्पा, ज्याला लोक कंटाळतात: हात न लावता जितकी धूळ काढता येईल तितकी काढायची. आधी साधं पाणी, वरून खाली, भरपूर. टपापासून सुरू करायचं म्हणजे धूळ खाली वाहत जाते. मग पंपात पाणी आणि थोडा शाम्पू घेऊन सगळ्या गाडीवर फवारा मारायचा आणि तीन-चार मिनिटं सोडून द्यायचं, पण वाळू द्यायचं नाही. वाळलेला चिखल या वेळात मऊ पडतो, सुटतो. मग परत पाणी. जून-जुलैत त्र्यंबक किंवा इगतपुरीकडून आलात तर दारांच्या खालच्या पट्टीवर चिखलाचा पापुद्रा असतो, तिथे हे दोनदा करा. या टप्प्यावर गेलेला प्रत्येक कण पुढे ओरखडा पाडणार नाही. म्हणून दहा मिनिटं इथे घालवा आणि पुढे घाई केलीत तरी चालेल.

आता हात लावायचा. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं साधं पाणी. मिट शाम्पूत बुडवायचा, टपाचा अर्धा भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात मिट चांगला चोळून खळखळायचा, पिळायचा, आणि तेव्हाच परत शाम्पूच्या बादलीत. दोन बादल्यांचं एवढंच काम आहे: घाण एका बादलीत राहावी, साबण दुसऱ्या. धुवून झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बघा. तिथे जी वाळू साचलेली दिसते ना, ती एकाच बादलीत धुतलं असतं तर कुठे गेली असती याचा विचार करा. बादलीच्या तळाशी ठेवायची प्लास्टिकची जाळी मिळते, म्हणजे खाली बसलेली वाळू मिटला परत लागत नाही. असली तर उत्तम, नसली तर हात तळापर्यंत घालू नका, झालं.

दाब किती? मिटच्या स्वतःच्या वजनाएवढा. आपल्याला सवय भांडी घासायची. डाग दिसला की जोर लावायचा. इथे उलटं आहे: डाग जात नसेल तर परत भिजवा. पक्ष्याची शिट, चिकटलेला किडा, झाडाचा चीक, सगळ्याला एकच उत्तर, ओलं फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवून द्यायचं आणि मग उचलायचं. शिट मात्र आठवडाभर ठेवू नका, उन्हात ती रंगाला खाते.

हात सरळ रेषेत फिरवा, गोल नाही. सरळ फिरवल्याने ओरखडे थांबत नाहीत. कण अडकला तर चरा सरळ पण पडतोच. पण एकाच दिशेचे चरे थोड्याच कोनातून दिसतात, सगळ्या दिशांचे असले की कुठूनही बघा, जाळं हजर.

क्रम: टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग. सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर, कारण तिथे सगळ्यात जास्त घाण. आणि मिट जमिनीवर पडला तर? तो त्या दिवसापुरता संपला. झटकून परत वापरू नका. पार्किंगच्या फरशीवरचा एक खडा बोनेटवर हातभर रेघ ओढू शकतो.

साबणाबद्दल थोडं. भांड्याच्या लिक्विडने लगेच गाडी खराब होते असं नाही, पण ते तेलकटपणा काढण्यासाठी बनवलेलं असतं, तुमचं वॅक्सही काढून नेतं. कपड्यांची पावडर मात्र नकोच. तिचे न विरघळलेले दाणे मिटखाली आले की काय होणार ते आता मी सांगायला नको. आणि पाण्यात थोडं रॉकेल घालून पुसायची एक जुनी युक्ती आहे, चमक येते म्हणून. ती चमक म्हणजे तेलाचा पातळ थर. चरे तात्पुरते झाकले जातात, संध्याकाळपर्यंत त्याच तेलावर दुप्पट धूळ चिकटते, आणि दरवाजाचे रबर खराब होतात ते वेगळंच.

पाणी, आणि पाण्याचे डाग

शेवटचं पाणी ओतताना पाईपच्या तोंडाची पिचकारी काढा आणि टपावरून पाणी नुसतं वाहू द्या. पाण्याची चादर सरकते आणि स्वतःबरोबर थेंब घेऊन जाते. पुसायला कमी उरतं. मग मोठा टॉवेल पसरायचा, हलकेच थोपटायचा किंवा दोन टोकं धरून अलगद ओढायचा. रगडायचा नाही.

आपोआप वाळू दिली तर? महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, ते तसं बरं. पण बऱ्याच सोसायट्यांत पार्किंगच्या नळाला बोअरचं पाणी असतं. खडकातून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात, पांढऱ्या गोल कडा सोडून. गिझरच्या कॉईलवर जे साचतं तेच हे. ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून, गार पत्र्यावर, कापडाने मिनिटभर लावून लगेच धुवून टाका. उन्हात महिनोन्महिने भाजलेले डाग याने जात नाहीत, ते रंगात उतरलेले असतात.

पाणी किती लागतं हा प्रश्न विचारायलाच हवा. आपल्याकडे उन्हाळ्यात कपात लागते, आणि आपल्या धरणांतलं पाणी खाली जायकवाडीलाही जायचं असतं, त्यावरून दर काही वर्षांनी काय वाद होतात ते माहिती आहेच. नळाचा पाईप सरळ चालू सोडला तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज जातात. पंधरा मिनिटांत दोनशे लिटर गटारात. पंप आणि बादल्यांनी मी सांगितलं तसं केलं तर साठ-सत्तर लिटरमध्ये गाडी होते. आणि हो, बादली वाचवायला गाडी थेट गोदेच्या पात्रात घालणारे अजून दिसतात. त्याला मनाई आहे, आणि तेल-ग्रीस नदीत सोडायचं म्हणजे काय, हे कुणी कुणाला सांगायचं?

कपातीच्या दिवसांसाठी रिन्सलेस वॉश नावाचा प्रकार आहे. एका बादलीत झाकणभर औषध, ते धुळीच्या कणाला गुंडाळतं आणि निसरडं करतं. सात-आठ छोटे मायक्रोफायबर नॅपकिन त्यात भिजवायचे, एकेकाच्या घड्या पाडून प्रत्येक घडीने थोडाच भाग पुसायचा, आणि वापरलेला नॅपकिन परत बादलीत टाकायचा नाही. दहा लिटरमध्ये गाडी होते. पण हे साध्या धुळीसाठी. चिखल असेल तर नाही म्हणजे नाही.

मायक्रोफायबर धुताना सॉफ्टनर घालू नका, त्याने धागे माखून जातात आणि पाणी शोषत नाहीत. सुती कपड्यांबरोबरही नको, त्यांचा कापूस त्यात अडकतो. आणि कोपऱ्यावरचं कंपनीचं लेबल कापून टाका, ते कडक असतं.

सण, रंग आणि द्राक्षं

आपल्याकडे वर्षातून एकदा सगळं शहर एकाच सकाळी गाडी धुतं. दसरा. घाई असते, पूजा व्हायचीय, झेंडूचा हार बांधायचाय, म्हणून जे फडकं हाताला लागेल त्याने घासाघासी. आदल्या संध्याकाळी धुवून ठेवा ना. स्वस्तिक काढायचं तर काचेवर काढा, देवाला चालतं. बोनेटवर ओल्या कुंकवाचं बोट फिरवून चार दिवस उन्हात ठेवलं तर लाल डाग बसू शकतो, पांढऱ्या गाडीवर तर हमखास दिसतो. आणि पूजेनंतर अक्षता, हळद झटकताना हात फिरवू नका, पाणी ओता.

रंगपंचमीला तेच. नाशकात रहाडीवरून परत येताना आपण तर रंगलेले असतोच, गाडीवरही कोरडा रंग बसतो. तो पुसायचा नाही, भरपूर पाण्याने वाहून घालवायचा.

आणि पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडच्या मंडळींसाठी खास. बागेजवळ गाडी लावली आणि शेजारी फवारणी चालू झाली तर बोर्डो मिश्रणाचे निळसर-पांढरे शिंतोडे उडतात. मोरचूद आणि चुना. वाळला की चुना घट्ट बसतो आणि नखाने खरवडायचा मोह होतो. मोह आवरा. त्याच दिवशी पाणी मारलं तर निघून जातं.

वॉशिंग सेंटर आणि नऊ एच

वॉशिंग सेंटरला जावं का? जा, पण तिथे थांबा. मोठ्या दाबाचं पाणी आणि फोम ही चांगलीच गोष्ट आहे, खालचा चिखल घरी तसा निघत नाही. गडबड त्यानंतर होते. ज्या स्पंजने आत्ता समोरच्या टेम्पोचा मडगार्ड घासला तोच तुमच्या बोनेटवर. मी सरळ सांगतो, "दादा, फोम आणि पाणी मारा, हात मी लावतो," आणि स्वतःचा मिट काढतो. आधी हसतात. नंतर सवय होते.

आता ते पंचवीस हजार. सिरॅमिक कोटिंग वाईट नाही. पाणी पटकन घसरतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण विकताना 'नऊ एच कडकपणा' असं जे सांगतात ना, त्यातला एच म्हणजे पेन्सिलचा एच. एचबी, टू एच, तीच मोजणी. पेन्सिलने ओरखडा पडतो का, अशी ती चाचणी. ऐकणाऱ्याला वाटतं मोहस मापावरचे नऊ, म्हणजे माणकाएवढं कठीण. तसं काही नाही. आपल्या बेसाल्टची कच पेन्सिल नसते. त्याच पिवळ्या फडक्याने रोज पुसलंत तर कोटिंगवरही जाळं येईल. शिवाय जाळं आहे त्याच्यावरच कोटिंग केलं तर ते आत बंद होतं, म्हणून आधी पॉलिश करावं लागतं.

आणि पॉलिश, म्हणजे आपलं रबिंग, हे काय करतं? ओरखडा भरून काढत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणतं. दर वेळी थोडा थर जातो. एक-दोनदा नीट, हलक्या हाताने केलेलं रबिंग काही बिघडवत नाही. पण दर दिवाळीला 'शाईन मारून द्या' करणाऱ्यांचा क्लिअर कोट पातळ होत जातो, आणि तोच थर रंगाला उन्हापासून वाचवत असतो. जुन्या गाड्यांच्या टपावर साल निघाल्यासारखे पांढरे चट्टे बघितलेत ना? ते थर संपल्याचं लक्षण. त्यात मशीन नवख्या हातात असेल तर जाळं जाऊन ढगासारखे पट्टे येतात, ते परत उन्हातच दिसतात.

तर इंदिरानगरच्या मित्रा, तुझ्यासाठी. आठ महिन्यांच्या गाडीवर आज काहीच खर्च करू नकोस. आधी धुण्याची पद्धत बदल, दोन-तीन महिने बघ. जाळं वाढायचं थांबलं की मग एकदाच, चांगल्या माणसाकडून, हलकं पॉलिश. त्यानंतर कोटिंग करायचं का ते तुझी हौस आणि खिसा ठरवेल. साधं वॅक्स दर तीन महिन्यांनी लावलंस तरी भागतं.

आणि काकांना काढू नकोस. त्यांच्याशी बोल. "काका, पैसे तेवढेच देतो, पण रोज बॉडी पुसू नका. रोज फक्त काचा आणि आरसे. रविवारी आपण दोघं मिळून धुऊ." मिट, टॉवेल, दुसरी बादली तुझी, त्यांना तुझ्या गाडीपुरती वेगळी ठेवायला दे. त्यांची सहा मिनिटांतली चार वाचतील, तुझा बोनेट वाचेल. आमच्याकडे हे असंच चालू आहे. तिसऱ्याच आठवड्यात काकांनी मला विचारलं, "ते दोन बादल्यांचं आणखी कोणाच्या गाडीला करायचं असेल तर वेगळे पैसे मागू का?" मी म्हटलं, मागा की! आता आमच्या विंगमधल्या पाच गाड्या ते आठवड्याला तशा धुतात आणि त्याचे जास्त घेतात.

वडिलांना कसं पटवायचं ते मात्र तुझं तू बघ. स्टीलचं ताट आणि टॉर्च, एवढं सुचवतो.

बाईकवाल्यांचे बरेच मेसेज आहेत, मॅट रंगाच्या टाकीचं काय करायचं म्हणून. मॅटचं गणित पूर्ण वेगळं आहे, त्याला पॉलिश अजिबात चालत नाही, चमकदार डाग पडतो तो जात नाही. त्यावर पुढच्या आठवड्यात बोलू. तोपर्यंत टाकीला वॅक्स लावू नका. भेटू!